कोंबडीच्या खाद्यापासून आयसीयूपर्यंत : जनावरांना दिलेल्या अँटिबायोटिकची पाऊणशे वर्षे

“डॉक्टर, ब्रॉयलर कोंबड्यांना इंजेक्शनं देऊन फुगवतात म्हणे. मग चिकन खावं की नाही?” “दुधात औषध उतरतं का हो?” “उकळल्यावर जातं ना ते?” हे प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. “खा” किंवा “खाऊ नका” एवढ्या उत्तराने काम भागत नाही, कारण या प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे. तो समजला की भीती नेमकी कशाची बाळगायची आणि कशाची नाही, हे आपोआप कळते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आजची ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत मोठी होते, ती मुख्यतः निवडक पैदाशीमुळे आणि चांगल्या खाद्यामुळे. इंजेक्शन देऊन ती फुगवली जाते, हा समज खरा नाही. पण तिच्या खाद्यात अनेक वर्षे अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविके, मिसळली गेली हे मात्र खरे आहे. ती का मिसळली आणि त्यातून काय झाले, ते या लेखात पाहू.

जनावरांनाही औषध लागतेच

जनावरांना अँटिबायोटिक देणे मुळात चूक नाही. गाई-म्हशींना घटसर्प होतो, फऱ्या होतो, वासरांना हगवण लागते, कोंबड्यांना श्वसनाचे आजार होतात. यातले बरेच आजार जिवाणूंमुळे होतात. आजारी जनावराला औषध न देणे ही क्रूरता आहे आणि शेतकऱ्याचे नुकसानही.

दुभत्या जनावरांचा सर्वांत त्रासदायक आजार म्हणजे कासदाह. आपल्याकडे याला दगडीही म्हणतात, कारण कास सुजून दगडासारखी घट्ट होते, दुधात गुठळ्या येतात आणि कधी सड कायमचा निकामी होतो. अँटिबायोटिकच्या इतिहासात या आजाराला मानाचे स्थान आहे. १९३९ मध्ये रेने द्युबॉस या शास्त्रज्ञाने मातीतल्या एका जिवाणूपासून ग्रॅमिसिडिन हे द्रव्य वेगळे केले. ते रक्तात गेले तर विषारी ठरत होते, म्हणून माणसाला इंजेक्शनने देता येत नव्हते. पण न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ठेवलेल्या गाईंना कासदाह झाला, तेव्हा हेच औषध त्यांच्या कासेत सोडून उपचार केले गेले. पेनिसिलिन सर्वसामान्य माणसापर्यंत पोहोचण्याआधीच एक अँटिबायोटिक गाईच्या कासेत पोहोचले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन मुबलक झाले. कासदाहासाठी सडात सोडायच्या पेनिसिलिनच्या ट्यूब आल्या आणि पशुवैद्यकाचे काम पार बदलले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. या औषधांनी माणसांचे आणि जनावरांचेही असंख्य जीव वाचवले, हे आधी मान्य करून पुढे जाऊ.

पिल्लांचे वजन का वाढले?

अडचण आजारी जनावरांमुळे सुरू झाली नाही, ती निरोगी जनावरांमुळे सुरू झाली.

अमेरिकेतील लेडर्ली ही औषध कंपनी १९४० च्या दशकात नव्या अँटिबायोटिकच्या शोधात होती. तिथे संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या हाताखाली बेंजामिन डगर या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतल्या एका सोनेरी रंगाच्या जिवाणूपासून ऑरिओमायसिन शोधले. टेट्रासायक्लिन गटातले हे पहिले औषध १९४८ मध्ये जगासमोर आले. त्याच वर्षी सुब्बाराव यांचे निधन झाले. पुढे या औषधाचे काय झाले ते पाहायला ते नव्हते.

त्याच कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे कोंबड्यांच्या पोषणावर काम करत होते. मांस-मासळीचे खाद्य महाग पडत होते. सोयाबीनसारखे स्वस्त खाद्य दिले तर पिल्ले नीट वाढत नव्हती, कारण त्यात बी-१२ जीवनसत्त्व नसते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर जो चोथा उरतो त्यात बी-१२ असेल, या कल्पनेने त्यांनी तो पिल्लांना खाऊ घातला. पिल्ले वाढली, पण बी-१२ मुळे वाढायला हवी होती त्यापेक्षा जास्त. शोध घेतल्यावर कळले की चोथ्यात राहिलेला औषधाचा अंश हे काम करत होता.

एप्रिल १९५० मध्ये हा शोध जाहीर झाला. या औषधाने वाढ ५० टक्क्यांनी वाढते, अशी बातमी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर दिली. प्रत्यक्षात शेतावर फायदा याहून बराच कमी असे, आणि स्वच्छ गोठ्यात किंवा खुराड्यात तो आणखी कमी होई. दाटीवाटीने आणि अस्वच्छ जागेत ठेवलेल्या प्राण्यांना छोटे-मोठे संसर्ग सतत होत असतात, ते या औषधाने दबत होते. म्हणजे काही अंशी हे औषध स्वच्छतेची जागा घेत होते.

पण भाव परवडणारा होता. १९५१ मध्ये अमेरिकेने असे खाद्य डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. १९५३ मध्ये ब्रिटनने डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात पेनिसिलिन आणि ऑरिओमायसिन घालायला मुभा दिली. माणसाला जे औषध ठरावीक दिवस, पूर्ण मात्रेत द्यायचे, ते कोट्यवधी निरोगी प्राण्यांना रोज, चिमूटभर आणि आयुष्यभर मिळू लागले.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणात बजावले होते की अपुरी मात्रा दिली तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. फ्लेमिंग बोलत होते माणसांबद्दल. जगाने तोच प्रयोग कोंबड्यांवर, न ठरवता, प्रचंड प्रमाणावर सुरू केला.

दूध विरजत नाही, तेव्हा

पहिली कुरकुर डॉक्टरांकडून आली नाही. ती आली चीज बनवणाऱ्यांकडून.

१९५० च्या दशकात अनेक देशांत डेअरीवाल्यांना एक विचित्र अनुभव येऊ लागला. दूध चांगले, विरजण चांगले, तरी दूध विरजत नाही. कारण उघड होते. कासदाहासाठी पेनिसिलिन दिलेल्या गाईचे दूध बाकीच्या दुधात मिसळले जाई आणि ते पेनिसिलिन विरजणातल्या जिवाणूंना मारून टाकी. विरजणातले जिवाणू पेनिसिलिनला फार नाजूक असतात. एका गाईचे दूध शेकडो लिटर दुधाचे विरजण बिघडवू शकते.

दुसरी तक्रार ॲलर्जीची होती. ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, त्यांना असे दूध पिऊन अंगावर पित्त उठण्यासारखा त्रास झाल्याच्या नोंदी त्या काळात झाल्या.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून समजून घ्यायला हव्यात, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे अवशेष. प्राण्याला दिलेल्या औषधाचा अंश दूध, मांस किंवा अंड्यात राहणे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिरोध. प्राण्याच्या शरीरातले जिवाणू औषधाला दाद न देणारे होणे आणि ते आपल्यापर्यंत पोहोचणे. औषधाचा अंश शून्य असला तरी प्रतिरोधी जिवाणू असू शकतात. शिजवल्याने जिवाणू मरतात, पण औषधाचा अंश उकळून जाईलच असे नाही. बरीच अँटिबायोटिक उकळत्या दुधात टिकतात. म्हणजे “उकळल्यावर जातं ना?” या प्रश्नाचे उत्तर “जंतू जातात, औषध बहुधा जात नाही” असे आहे.

अवशेषांचा प्रश्न विरजणाने लवकर उघड केला. प्रतिरोधाचा प्रश्न मात्र डोळ्यांना दिसत नव्हता.

जंतू एकमेकांना युक्ती शिकवतात

सुरुवातीला शास्त्रज्ञांना वाटे की एखादा जिवाणू योगायोगाने प्रतिरोधी होतो आणि त्याची फक्त पुढची पिढी तशी निपजते. मग कोंबडीच्या पोटातला जिवाणू कोंबडीपाशीच राहील, माणसाला काय त्याचे?

हा समज जपानमध्ये मोडला. युद्धानंतर तिथे रक्ती आव, म्हणजे शिगेला जिवाणूची हगवण, मोठ्या प्रमाणावर होती. १९५० च्या दशकात असे शिगेला सापडू लागले की जे एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देत नव्हते. १९५९ च्या सुमारास जपानी संशोधकांनी दाखवले की ही क्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडे जाते. आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय ती शिगेलाला देऊ शकतो. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये हे सारे इंग्रजीत मांडले आणि जगाचे डोळे उघडले.

हे कसे होते? जिवाणूंमध्ये मुख्य जनुकांशिवाय प्लाझ्मिड नावाची जनुकांची छोटी कडी असते. दोन जिवाणू शेजारी आले की तिची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एका कडीवर चार-पाच औषधांच्या प्रतिरोधाची जनुके असू शकतात. त्यामुळे एकच औषध सतत वापरले तरी पाच औषधांना दाद न देणारे जिवाणू फोफावतात. कोंबडीच्या आतड्यातला साधा जिवाणू आपल्याला आजारी करणार नाही, पण आपल्या आतड्यातून जाता जाता ही कडी तो दुसऱ्या जिवाणूच्या हाती देऊन जाऊ शकतो.

वासरांपासून संसदेपर्यंत

ब्रिटनमध्ये ई. एस. अँडरसन हे जिवाणूशास्त्रज्ञ लंडनच्या कॉलिंडेल येथील प्रयोगशाळेत साल्मोनेला जिवाणूंचे नमुने तपासत. १९६० च्या दशकात त्यांना दिसले की साल्मोनेलाचा एक विशिष्ट प्रकार वासरांमध्ये वाढतो आहे आणि तो अनेक औषधांना दाद देत नाही. चार दिवसांची वासरे आईपासून तोडून व्यापाऱ्यांकडे जात, तिथे वेगवेगळ्या गोठ्यांतली एकत्र कोंबली जात, आजारी पडत. मग त्यांना औषधांवर औषधे दिली जात आणि जिवाणू घेऊन ती देशभर विकली जात. तोच प्रकार आजारी माणसांमध्येही सापडू लागला. अँडरसन यांनी हे १९६५ मध्ये प्रसिद्ध केले आणि जनावरांमधल्या औषधवापराची चौकशी करा, अशी मागणी लावून धरली.

सरकार हलले ते उशिरा. १९६७-६८ मध्ये ईशान्य इंग्लंडमधील टीसाइड भागात तान्ह्या बाळांमध्ये अनेक औषधांना दाद न देणाऱ्या ई. कोलायची हगवण पसरली आणि काही बाळे दगावली. ती साथ जनावरांकडून आली हे सिद्ध झाले नाही. पण लोकांचा धीर सुटला होता. १९६८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मायकेल स्वान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९६९ च्या अखेरीस तिचा अहवाल आला.

स्वान समितीचे तत्त्व साधे होते : जी औषधे माणसांच्या उपचारात लागतात, ती केवळ वजन वाढवण्यासाठी खाद्यात घालू नयेत. ती द्यायची तर पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर, आजारासाठी. त्याप्रमाणे पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन ब्रिटनमध्ये खाद्यातून बाहेर पडली.

पण एक फट राहिली. “माणसांत वापरत नाही” अशी औषधे खाद्यात चालू राहिली. त्या औषधांची जवळची भावंडे माणसांत वापरात असली तर काय, याचा विचार तेव्हा नीट झाला नाही. याचे परिणाम पुढे दिसले.

तीनशे पिल्ले आणि एक शेतकरी कुटुंब

अमेरिकेत कंपन्या म्हणत होत्या, “कोंबडीतले जिवाणू माणसात जातात याचा पुरावा कुठे आहे?” बोस्टनचे डॉक्टर स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात मॅसॅच्युसेट्समधील एका शेतावर सुमारे तीनशे पिल्लांवर प्रयोग केला. विशेष म्हणजे या प्रयोगाला पैसा पशुऔषध उद्योगाच्या संघटनेने दिला होता.

निम्म्या पिल्लांना साधे खाद्य दिले, निम्म्यांना कमी मात्रेत ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळलेले. आठवडाभरातच दुसऱ्या गटातल्या पिल्लांच्या आतड्यातले ई. कोलाय टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. काही महिन्यांत ते इतर औषधांनाही दाद देईनात, जी त्या पिल्लांना कधी दिलीच नव्हती. आणि पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेतही टेट्रासायक्लिन-प्रतिरोधी जिवाणूंचे प्रमाण शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. त्या माणसांनी ते औषध घेतले नव्हते आणि त्या कोंबड्या खाल्ल्याही नव्हत्या. फक्त त्यांची देखभाल केली होती.

१९७६ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. या प्रयोगाचा दिलासा देणारा भागही होता : औषधी खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांत बहुतेक माणसांमधले हे जिवाणू नाहीसे झाले.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन खाद्यातून काढण्याचा प्रस्ताव मांडला. उद्योगाच्या दबावापुढे तो अडकला. माणसांसाठी महत्त्वाची औषधे केवळ वाढीसाठी देणे अमेरिकेत थांबले ते २०१७ च्या सुरुवातीला. मधे चाळीस वर्षे गेली.

डेन्मार्कचे २४ किलो आणि २४ हजार किलो

स्वान अहवालातली फट युरोपात उघडी पडली. अव्होपार्सिन हे औषध माणसांत वापरत नव्हते, म्हणून खाद्यात चालत होते. पण ते व्हँकोमायसिनचे सख्खे भावंड आहे. व्हँकोमायसिन हे रुग्णालयात, बाकी औषधे हरल्यावर वापरायचे महत्त्वाचे औषध. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात व्हँकोमायसिनला दाद न देणारे एंटरोकॉकस जिवाणू रुग्णांत सापडू लागले आणि नंतर ते डुकरे व कोंबड्यांतही सापडले.

डेन्मार्कचा एक आकडा बोलका आहे. १९९४ मध्ये त्या देशात सगळ्या माणसांना मिळून व्हँकोमायसिन वापरले गेले २४ किलो. त्याच वर्षी जनावरांच्या खाद्यात अव्होपार्सिन गेले २४,००० किलो. हजारपट.

डेन्मार्कने १९९५ मध्ये अव्होपार्सिनवर बंदी घातली. १९९५ मध्ये तिथल्या ब्रॉयलर कोंबड्यांतल्या अशा जिवाणूंपैकी सुमारे ७३ टक्के प्रतिरोधी होते. २००० मध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले. १९९७ मध्ये युरोपीय संघाने अव्होपार्सिनवर बंदी घातली, आणि १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात कोणतेही अँटिबायोटिक घालणे बंद केले. स्वीडनने हे १९८६ मध्येच केले होते.

सगळा दोष गोठ्यावर टाकता येणार नाही, हेही इथे सांगायला हवे. अमेरिकेत अव्होपार्सिनला कधी परवानगीच नव्हती, तरी तिथल्या रुग्णालयांत व्हँकोमायसिन-प्रतिरोधी जिवाणू खूप पसरले. तिथे कारण होते रुग्णालयांमधलाच व्हँकोमायसिनचा भरमसाट वापर. जिवाणूला औषध कोणी दिले, डॉक्टरने की कोंबडीवाल्याने, याच्याशी देणेघेणे नसते.

कोलिस्टिन : शेवटचे हत्यार खाद्याच्या पोत्यात

कोलिस्टिनचा शोध जपानमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस लागला. मूत्रपिंडाला आणि नसांना त्रास देते म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले. जनावरांत मात्र ते सुरू राहिले, आजारासाठी आणि वाढीसाठीही. “माणसांत कोण वापरतंय?” हाच जुना विचार.

मग परिस्थिती फिरली. इतर सगळी औषधे निकामी करणारे जिवाणू आयसीयूत आले आणि डॉक्टरांना हे जुने, त्रासदायक औषध पुन्हा बाहेर काढावे लागले. आज अतिगंभीर रुग्णांत, काही वेळा नवजात बाळांतही, शेवटचा पर्याय म्हणून ते वापरावे लागते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी शांघायजवळच्या एका डुकरात सापडलेल्या ई. कोलायबद्दल लिहिले. त्यात एमसीआर-१ नावाचे जनुक होते, कोलिस्टिनला निकामी करणारे, आणि ते प्लाझ्मिडवर होते. म्हणजे ती उडी मारणारी कडी. त्यांच्या पाहणीत हे जनुक असलेले ई. कोलाय जनावरांच्या नमुन्यांत २१ टक्के, कच्च्या मांसाच्या नमुन्यांत १५ टक्के आणि रुग्णालयातल्या रुग्णांत सुमारे १ टक्का होते. जनावरांत सर्वांत जास्त आणि माणसांत सर्वांत कमी, यावरून प्रवासाची दिशा कोणती असावी याचा अंदाज येतो. त्यानंतर काही महिन्यांत जगभर अनेक देशांत हे जनुक सापडले.

चीनने एप्रिल २०१७ च्या अखेरीपासून खाद्यात कोलिस्टिन घालण्यावर बंदी घातली. २०१५-१६ मध्ये तिथल्या डुकरांमधले ३४ टक्के ई. कोलाय कोलिस्टिनला दाद देत नव्हते. २०१७-१८ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. लेव्हींच्या शेतावर आणि डेन्मार्कमध्ये जे दिसले तेच पुन्हा दिसले : दबाव काढला की प्रतिरोध कमी होतो. पूर्ण शून्य होत नाही, पण कमी होतो.

आपल्याकडे काय?

२०१२ मध्ये आपल्या औषध नियमांत बदल होऊन खाद्यप्राण्यांच्या औषधांच्या लेबलवर थांबण्याचा काळ लिहिणे बंधनकारक झाले. उत्पादनासाठी वेगळा काळ ठरलेला नसेल, तर शेवटच्या मात्रेनंतर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि कोंबडी व इतर प्राण्यांच्या मांसासाठी किमान २८ दिवस. २०१४ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, त्यांपैकी ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यपालन आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. हा चांगला आणि धाडसी निर्णय होता.

कायदा कागदावर आहे. तो गोठ्यात पोहोचायचा तर शेतकऱ्याला पशुवैद्यक वेळेवर मिळायला हवा, नाहीतर तो दुकानदाराला विचारूनच औषध देणार. त्याला दोष देऊन भागणार नाही. म्हैस दूध देईनाशी झाली की त्याचे घर चालत नाही.

औषध शरीरातून उतरते कसे?

थांबण्याचा काळ म्हणजे काय, ते समजून घेऊ. दिलेले औषध यकृत आणि मूत्रपिंडांवाटे हळूहळू बाहेर पडते. किती वेळात, ते औषधावर आणि देण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. साधे पेनिसिलिन काही तासांत उतरते, पण बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूतून कित्येक दिवस झिरपत राहते. जेंटामायसिनसारखी औषधे मूत्रपिंडात फार काळ साठून राहतात. कोंबडीच्या अंड्यातला बलक आठ-दहा दिवस भरत असतो, त्यामुळे औषध बंद केल्यावरही काही दिवस अंड्यांत अंश येतो. एका सडात ट्यूब सोडली तरी औषध रक्तातून बाकीच्या सडांत थोडे उतरू शकते. म्हणून दूध चारही सडांचे बाजूला ठेवायचे, फक्त आजारी सडाचे नाही. ते वासराला पाजणेही बरे नाही, कारण त्याच्या पोटात पुन्हा तीच चिमूटभर मात्रा जाते.

काही औषधांना सुरक्षित मर्यादाच नसते. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित एखाद्याच्या अस्थिमज्जेचे काम कायमचे थांबते आणि ते मात्रेवर अवलंबून नसते. म्हणून अनेक देशांनी ते खाद्यप्राण्यांसाठी पूर्ण बंद केले.

औषधाला पर्याय आहे

नॉर्वेच्या सालमन मासेपालनात १९८७ मध्ये जवळजवळ ५० टन अँटिबायोटिक वापरले जात होते. माशांसाठी चांगल्या लसी आल्यावर काही वर्षांतच ते दोन टनांच्या खाली आले, आणि उत्पादन मात्र वाढतच गेले. आपल्यालाही लसीचा मार्ग नवा नाही. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यातच, जनावरांच्या साथींवर उपाय शोधणारी प्रयोगशाळा म्हणून झाली होती. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घेणे, धार काढण्याआधी हात व कास धुणे, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे, खुराड्यात दाटी टाळणे, यांनी औषधाची गरजच कमी होते.

आपण काय करू शकतो?

चिकन, अंडी, दूध बंद करण्याची गरज नाही. हे मात्र करा :

- मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खा. दूध उकळून किंवा पाश्चराइज केलेलेच घ्या.
- कच्चे मांस चिरलेली सुरी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला लावू नका. प्रतिरोधी जिवाणू घरात येण्याची ही नेहमीची वाट आहे.
- पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती डॉक्टरांना नक्की सांगा, आणि दुधानंतर अंगावर पित्त उठत असेल तर तेही सांगा.
- घरी जनावरे असतील तर औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीनेच, सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितले तितके दिवस द्या. तारीख लिहून ठेवा आणि थांबण्याचा काळ संपेपर्यंत ते दूध किंवा अंडी विकू नका, घरातही वापरू नका.
- “फक्त जनावरांच्या उपचारासाठी” असे लिहिलेले औषध माणसाला कधीही देऊ नका. नाव तेच असले तरी मात्रा आणि शुद्धतेचे निकष वेगळे असतात.
- गोठ्यात किंवा पोल्ट्रीत काम करत असाल तर जेवणाआधी हात धुवा, आणि आजारी पडलात तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगा. त्यावरून औषध निवडायला मदत होते.
- सर्दी-पडशाला स्वतः अँटिबायोटिक घेऊ नका. गोठ्याला नियम सांगायचे आणि आपण मेडिकलमधून पाच गोळ्या आणायच्या, हे जुळत नाही.

पाऊणशे वर्षांच्या या इतिहासात चूक एकच आहे, आणि ती पुन्हा पुन्हा झाली : हे औषध स्वस्त आहे, मुबलक आहे, थोडे दिल्याने काय बिघडते? १९५० मध्ये ऑरिओमायसिनबद्दल असे वाटले, नंतर अव्होपार्सिनबद्दल, नंतर कोलिस्टिनबद्दल. प्रत्येक वेळी जे थोडे वाटले ते कोट्यवधी प्राण्यांनी गुणल्यावर प्रचंड ठरले. पण बंदी जिथे खरोखर पाळली गेली, तिथे प्रतिरोध मागे हटला, हेही याच इतिहासाने दाखवले आहे. आयसीयूत असलेल्या एखाद्या बाळासाठी कोलिस्टिन अजून काम करत असेल, तर त्यात कुठल्यातरी पोल्ट्रीवाल्याने खाद्यात ते न मिसळण्याचा वाटा आहे. तो वाटा वाढत राहावा यासाठी ग्राहक, शेतकरी, पशुवैद्यक आणि आम्ही डॉक्टर, सगळ्यांनीच हात आखडता घ्यायला हवा.